पाळणाऱ्याचे हात

काही प्राण्यांना माणसाने दिलेली नावे त्या प्राण्यांपेक्षा माणसाविषयीच अधिक सांगतात. प्रार्थना कीटक हे असेच एक नाव. पुढचे दोन पाय छातीशी दुमडून, मान किंचित उंचावून हिरव्या फांदीवर निश्चल बसलेला हा कीटक पाहिला, की कोणालाही प्रार्थनेत हरवलेल्या भाविकाची आठवण व्हावी. ग्रीकांनी त्याला 'मँटिस' म्हणजे भविष्यवेत्ता म्हटले. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली युरोपातील जातीला शास्त्रीय नाव देताना त्यात धर्मशीलतेचा अर्थ गुंफला. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील शेतकरी त्याला 'देवाची प्रार्थना करणारा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. गोव्याच्या भूमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीची एक दंतकथाही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कीटकग्रंथांत वाचावयास मिळते. हात जोडून चाललेला हा कीटक संतांच्या दृष्टीस पडला; त्यांनी त्याला देवाची स्तुती गाण्यास सांगितले आणि त्याने एक सुंदर स्तोत्र गाइले, अशी ती कथा आहे.

वस्तुतः हा कीटक गात नाही आणि प्रार्थनाही करीत नाही. त्याचे ते दुमडलेले पाय म्हणजे काटेरी सापळा होय. त्यांच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात. एखादी माशी किंवा नाकतोडा टप्प्यात आला, की ते पाय पापणी लवण्यापूर्वी सुटतात, सावजाला आवळून धरतात आणि सावज जिवंत असतानाच त्याचे भक्षण सुरू होते. जोडलेले हात पाहून आपण ज्याला भक्त मानले, तो शिकारी निघतो. यात कीटकाने आपली फसवणूक केलेली नाही. नाव आपण दिले होते.

अशा या कीटकाची पिल्ले घरी बरणीत पाळण्याचा छंद आता अनेक मुलांना लागलेला दिसतो. छंद तसा बिनखर्चाचा आहे. कुंपणाच्या झुडपाच्या फांदीवर फेस वाळून घट्ट झाल्यासारखा तपकिरी कोश आढळतो. मादीने अंडी घालताना सोडलेल्या फेसाचाच तो बनलेला असतो. काही आठवड्यांनी त्यातून मुंगीएवढी पिल्ले एकामागून एक बाहेर पडतात. मोठ्या जातीच्या एका कोशातून शंभराहून अधिक पिल्ले निघू शकतात. त्यांना पंख नसतात. ते शेवटची कात टाकल्यावर येतात. तोवर सहा ते नऊ वेळा त्यांना कात टाकावी लागते. सगळी पिल्ले एकाच बरणीत ठेवली तर भुकेली भावंडे एकमेकांनाच खातात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बरणी हवी, तोंडाला मलमलीचे फडके हवे, आत उलटे लटकता येईल अशी काटकी हवी. कात टाकताना पिल्लू खाली डोके करून लोंबकळते आणि जुन्या कातडीतून स्वतःला हलकेच सोडवून घेते. म्हणून बरणीची उंची पिल्लाच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी. त्या वेळी ते पडले, तर पाय वाकडे होऊन पांगळे होऊ शकते. पाणी भांड्यात ठेवून चालत नाही. फडक्यावर किंवा भिंतीवर बारीक तुषार उडवावे लागतात. ते थेंब पिल्लू पिते.

उरतो प्रश्न अन्नाचा. पिल्लाला हलणारे, जिवंत अन्न लागते, कारण हालचालीवरूनच ते सावज ओळखते. भाताचे शीत किंवा पोळीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवून उपयोग नाही. पहिला एखादा दिवस गेला की त्याला चिलटे द्यावी लागतात. चिलटे मिळविणे सोपे असते. काळे पडू लागलेले केळे उघड्या बरणीत ठेवावे, चिलटे जमली की तोंड कापडाने बांधावे. दोन आठवड्यांच्या आत त्यांची नवी पिढी तयार होते. पिल्लू मोठे होत जाते तसे माश्या, लहान नाकतोडे, रातकिडे असे सावजही वाढवावे लागते. पण ते पिल्लापेक्षा मोठे नसावे. कात टाकण्याची वेळ जवळ आली की पिल्लू खाणे सोडते. तेव्हा बरणीतील उरलेले सावज काढून घ्यावे लागते, नाहीतर रातकिडा त्या मऊ, असहाय पिल्लालाच कुरतडतो. त्या घटकेला शिकारी कोण आणि सावज कोण, हे ठरविणे कठीण होऊन बसते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने मला याविषयी विचारले होते. तिच्या घरी तीन पिल्ले होती आणि त्यांच्यासाठी चिलटांची वेगळी बरणी होती. ती म्हणाली, "टीचर, चिलटांना केळे मीच देते, आणि त्यांना पिल्लांच्या बरणीत सोडतेही मीच. मग मी कोणाच्या बाजूची?" हा प्रश्न लहान मुलीचा असला तरी लहान नाही. त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये, असे मला वाटले.

मोठी माणसे सहसा तीन उत्तरे देतात. पहिले असे, की हा सृष्टीचा नियम आहे, त्यात तुझे काही नाही. दुसरे असे, की चिलटाचे ते काय, हाताच्या एका फटक्याने आपण कितीतरी मारतो. तिसरे असे, की हा कीटकच क्रूर आहे, तो घरात नको. या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि तिन्ही अपुरी आहेत.

आधी तिसरे उत्तर पाहू. क्रौर्याला निवड लागते. ज्याला दुसरे काही करता येत नाही, त्याला क्रूर म्हणता येत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. आदिमानवाच्या पापापूर्वी सिंह आणि ससाणा गवत खात होते आणि पापानंतर ते मांसाहारी झाले, असे कित्येकांचे मत होते. थॉमस यांनी ते अमान्य केले. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, असे ते म्हणतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर सर्व प्राण्यांना हिरवी वनस्पती अन्न म्हणून देतो हे खरे. पण एकशेचाराव्या स्तोत्रात सिंहाचे छावे गर्जना करून आपले भक्ष्य देवाकडेच मागतात, आणि योबाच्या ग्रंथात गरुडाची पिल्ले रक्त पितात, हेही पवित्र शास्त्रच सांगते. योबाला उत्तर देताना परमेश्वर त्या पिल्लांबद्दल खंत व्यक्त करीत नाही. आपल्या निर्मितीच्या वैभवात तो त्यांचीही गणना करतो. मग प्रार्थना कीटकाच्या पिल्लाला दोषी ठरविणारे आपण कोण?

तथापि, एवढ्याने मन शांत होत नाही. चार्ल्स डार्विनचेही झाले नव्हते. २२ मे १८६० रोजी अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपली अडचण मांडली आहे. काही गांधीलमाश्यांसारखे कीटक सुरवंटाच्या जिवंत शरीरात वाढतात आणि त्याला आतून खातात. एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे हेतुपूर्वक निर्माण केले असावे, असे मानणे त्याला जड जात होते. श्रद्धावंताने या अडचणीला हसू नये. संत पौल यांनीही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सारी सृष्टी प्रसववेदनांनी कण्हत आहे असे म्हटले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही ही बाब झाकलेली नाही. सृष्टी अजून पूर्णत्वाच्या वाटेवर आहे, आणि ती पूर्णत्वास पोहोचेपर्यंत घडणीबरोबर मोडणीही असणार, असे तेथे सांगितले आहे. यशया संदेष्ट्याने पाहिलेले, लांडगा आणि कोकरू एकत्र नांदत असल्याचे चित्र हे यावयाच्या दिवसाचे आहे. आजच्या बरणीत ते शोधता येणार नाही.

आता पहिले उत्तर: 'हा सृष्टीचा नियम आहे, त्यात तुझे काही नाही.' झुडपावरच्या पिल्लाबाबत हे खरे आहे. तेथे चिलट उडत येते, पिल्लू झेपावते. कधी चिलट निसटते, कधी सापडते. कोळी, मुंग्या आणि पाली पिल्लांनाही टिपतात. त्या घडामोडीत माणूस कोठेच नसतो. बरणीत मात्र माणूस येतो. चिलटाला वाट कोणी बंद केली? मलमल कोणी बांधली? कोणते चिलट आज जायचे आणि कोणते उद्या, हे कोणाच्या बोटांनी ठरविले? नियम सृष्टीचाच राहिला. त्यात एक हात मिसळला. जेथे हात आहे तेथे इच्छा आहे, आणि जेथे इच्छा आहे तेथे जबाबदारी आहे. त्या मुलीला हे कोणी शिकविले नव्हते. रोज संध्याकाळी बरणी उघडताना तिच्या बोटांना ते कळले होते.

फ्रान्सचा प्रसिद्ध कीटकअभ्यासक झाँ-आंरी फाब्र याने सेरिन्याँ गावातील आपल्या आवारात हे कीटक पिंजऱ्यांत पाळले होते. त्यांच्यासाठी जिवंत नाकतोडे हवेत, म्हणून तो शेजारच्या मुलांना पावाचा तुकडा किंवा फळाची फोड देई आणि मुले नाकतोडे पकडून आणीत. त्याची निरीक्षणे आजही वाचनीय आहेत. पण मुलाच्या एका हातात फळाची फोड आणि दुसऱ्या हातात धडपडणारा नाकतोडा, हे चित्र माझ्या मनातून जात नाही; कारण आपण सर्वजण थोड्याफार फरकाने त्याच मुलासारखे उभे आहोत. रविवारी मिस्सा आटोपल्यावर कोंबडीच्या दुकानापुढे आपण रांग लावतो. पापलेट ताजे आहे की नाही, हे कल्ले उघडून पाहतो. मारण्याचे काम आपण दुसऱ्याच्या हाती सोपविले आहे, आणि म्हणून आपले हात स्वच्छ आहेत असे आपल्याला वाटते. जलप्रलयानंतर परमेश्वराने नोहाला मांस खाण्याची मुभा दिली, पण रक्ताची मर्यादाही त्याच श्वासात घातली. जीव हा देवाचा आहे, याची आठवण प्रत्येक घासाला राहावी हाच त्या मर्यादेचा अर्थ असावा. आपल्या ताटातून ती आठवण बहुधा निघून गेली आहे. बरणी हातात घेतलेल्या त्या मुलीच्या मनात ती जागी होती. या अर्थाने ती आपल्यापुढे आहे.

आता राहिले दुसरे उत्तर, 'चिलटाचे ते काय?' कीटकांना वेदना कितपत जाणवते याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण जेथे शंका आहे तेथे शंकेचा लाभ दुबळ्याला द्यावा, ही न्यायाची जुनी रीत आहे. शिवाय प्रभू येशूचे एक वचन येथे मार्गदर्शक ठरते. लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) तो दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांचा उल्लेख करतो आणि त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही असे सांगतो. हे वचन आपण अनेकदा ऐकतो. पण त्या चिमण्या बाजारात कशासाठी होत्या, हा विचार क्वचितच करतो. त्या गरिबांच्या जेवणासाठी विकल्या जात होत्या. येशूने तो बाजार उधळला नाही आणि चिमण्या खाऊ नका असेही सांगितले नाही. पण सर्वांत स्वस्त मांसालाही त्याने पित्याच्या स्मरणात जागा दिली. खाल्ले जाणे आणि विसरले न जाणे या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. चिलटाविषयी याहून वेगळे काही सांगण्याचे मला धाडस होणार नाही.

मग पाळावे की पाळू नये? धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी जे थोडे परिच्छेद आहेत, ते येथे पुरेसे आहेत. प्राणी माणसाच्या कारभारीपणाखाली सोपविलेले आहेत. त्यांचा अन्नवस्त्रासाठी उपयोग करणे आणि त्यांना पाळणे गैर नाही. मात्र त्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले आहे, की इतर प्राण्यांविषयीची बेपर्वाई आज ना उद्या माणसामाणसांतील वागणुकीतही उतरते. याचा अर्थ असा, की बरणीत केवळ कीटकच वाढत नसतो. ती बरणी हाताळणारे मूलही वाढत असते, आणि त्या मुलाचे काय होते हेही पाहावे लागते.

येथे आपल्या भाषेतील 'पाळणे' हा शब्दच आपल्याला वाट दाखवितो. आपण जनावर पाळतो, शब्द पाळतो, उपवास पाळतो, देवाच्या आज्ञा पाळतो. या सगळ्यांत समान काय आहे? स्वतःला घातलेली मर्यादा. ज्याला आज्ञा पाळणे ठाऊक नाही, त्याला जीव पाळणेही जमणार नाही. म्हणून शंभर पिल्लांतली दोन-तीनच ठेवावीत आणि उरलेली, जेथे कोश मिळाला त्याच झुडपावर सोडून द्यावीत. त्यांतली बहुतेक मरतील. पण तो हिशोब आपल्या हाती दिलेला नाही. लागतील तेवढीच चिलटे द्यावीत. मित्रांना मजा दाखविण्यासाठी पोट भरलेल्या पिल्लापुढे सावज टाकू नये, आणि दोन कीटकांची झुंज तर कधीच लावू नये. भूक आणि करमणूक यांच्यामध्ये जी रेषा आहे, तीच येथे धर्म आणि अधर्म यांच्यामधली रेषा होय. बरणीतील क्रिया दोन्ही वेळी सारखीच दिसेल. बाहेर उभ्या असलेल्या मनात मात्र फरक पडलेला असेल.

आसिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या दोन कथा या संदर्भात एकत्र वाचण्यासारख्या आहेत. गुब्बियो गावच्या लांडग्याची कथा सर्वांना माहीत आहे. संतांनी त्याला गवत खाण्यास सांगितले नाही. त्याची भूक त्यांनी मान्य केली आणि गावकऱ्यांनी ती भागवावी असा करार घडवून आणला. लांडगा दारोदार फिरू लागला आणि लोक त्याला खाऊ घालू लागले. काय खाऊ घालीत, हे कथा सांगत नाही. पण लांडग्याचे अन्न काय असते ते आपण जाणतो. दुसरी कथा फारशी सांगितली जात नाही. संतांचे आद्य चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी ती नोंदविली आहे. एका मठात संत मुक्कामाला असताना रात्री एका कोकराचा जन्म झाला आणि एका डुकरिणीने त्याला चावून मारले. ते कळताच संतांना देवाच्या कोकराची आठवण झाली, त्यांनी शोक केला आणि त्या डुकरिणीला शाप दिला. लांडग्याशी करार करणारा आणि कोकरासाठी रडणारा संत एकच आहे. हे दोन्ही एका हृदयात मावू शकते. किंबहुना दोन्ही असल्याशिवाय पाळणाऱ्याचे हृदय पूर्ण होत नाही. लांडग्याची भूक ओळखता येते पण कोकरासाठी डोळे ओलावत नाहीत, तो निबर होतो. कोकरासाठी रडतो पण लांडग्याला उपाशी ठेवतो, तोही दयाळू ठरत नाही.

त्या मुलीला मी जे सांगितले ते एवढेच होते. "तू दोघांच्याही बाजूची आहेस, म्हणून तुला जड वाटते. ते जड वाटणे घालवू नकोस." तिने मान हलविली. तिचे समाधान झाले की नाही, मला माहीत नाही. पुढे तिने एक पिल्लू ठेवले आणि दोन शेवंतीच्या झुडपावर सोडली, असे तिच्या आईने मला सांगितले.

आपण वेदीसमोर उभे राहतो, तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने आपल्यासमोर येतो. साऱ्या सृष्टीत जीव घेतला जातो. कोणतेही चिलट आपण होऊन पुढे येत नाही, कोणताही नाकतोडा संमती देत नाही. कालवारीवर मात्र जीव दिला गेला. ज्याच्या हाती सर्व काही होते, त्याने कोणाचा घास घेतला नाही. त्याने स्वतःलाच भाकर केले. पवित्र मिस्सामध्ये ती भाकर स्वीकारण्यासाठी आपण जेव्हा हात पुढे करतो, तेव्हा आपणही कोणाच्या तरी दिलेल्या जिवावरच जगत आहोत हे कबूल करीत असतो. हे ज्याला कळले, त्याला रोजच्या ताटासमोर उद्धट होता येणार नाही. आणि घरात, शेतात, बाजारात आपल्यापेक्षा दुबळ्याला कोंडून स्वतःचे पोट भरणेही सोपे जाणार नाही. हात तर सगळेच जोडतात. झडप घालण्यासाठी जोडलेले हात आणि देण्यासाठी उघडणारे हात लांबून सारखेच दिसतात. कीटकाला त्यांतून निवड करता येत नाही. आपल्याला येते.

म्हणून आईवडिलांना सुचवावेसे वाटते, की मुलाने बरणी आणली तर ती फेकून देऊ नका आणि 'चिलटच तर आहे' असे म्हणून प्रश्न मिटवूही नका. बरणीपाशी त्याच्या शेजारी बसा. पिल्लाने चिलट धरले की मूल काय म्हणते ते ऐका. ते हसले तर का हसले ते विचारा, गप्प झाले तर त्याला गप्प राहू द्या. पिल्लाला पंख फुटले की खिडकी उघडायला सांगा. आणि त्या रात्री जेवणाआधीची प्रार्थना नेहमीसारखी घाईने म्हणू नका.